बटणांचा साधा फोन: अडचणीच्या वेळी कॉल कसा लावायचा आणि आलेला कॉल कसा घ्यायचा

बटणांचा साधा मोबाइल नवा हातात आला की माणूस आधी नंबर सेव्ह करायला शिकतो, मग रिंगटोन बदलायला. अडचणीच्या वेळी काय दाबायचं हा विषय 'तेव्हा बघू' म्हणून मागे पडतो. पण तेव्हा हात थरथरत असतात, आजूबाजूला आरडाओरडा असतो आणि फोन नेमका लॉक असतो. त्यामुळे आपण तिथूनच सुरुवात करू. दुसरं म्हणजे, कॉल लावला की काम झालं असं बरेच जण धरून चालतात. मदतीला निघालेली माणसं रस्ता विचारायला परत फोन करतात आणि तो फोन उचलला गेला नाही तर गाडी चौकात उभी राहते. म्हणून कॉल लावणं आणि कॉल घेणं या दोन्ही गोष्टी इथे एकत्र घेतल्या आहेत.

आधी तीन-चार बटणं ओळखून घ्या

हिरवं बटण कॉल लावतं आणि आलेला कॉल उचलतं. लाल बटण कॉल कट करतं. बहुतेक साध्या फोनमध्ये हेच लाल बटण दाबून धरलं की फोन बंद होतो. नवख्या माणसाची पहिली फजिती इथेच होते. बोलणं संपतं, लाल बटण ठासून दाबलं जातं आणि फोन गपकन बंद होतो. मग तो दिवसभर बंदच राहतो आणि घरचे म्हणतात, 'तुमचा फोन लागत नाही.' लाल बटण टचकन दाबून लगेच सोडायचं.

लाल बटणाचा आणखी एक उपयोग आहे. तुम्ही मेनूत कुठेही भरकटला असाल, मेसेजमध्ये, रेडिओत, कॅल्क्युलेटरमध्ये, तरी ते दोन-तीनदा दाबलं की मुख्य पडदा परत येतो. नंबर लावायची सुरुवात नेहमी मुख्य पडद्यावरूनच करायची.

पडद्याच्या खालच्या दोन कोपऱ्यांत शब्द दिसतात: 'मेनू', 'नावे', 'मागे', 'ठीक' असे काही. त्यांच्या बरोबर खाली जी दोन बटणं आहेत, त्यांचं त्या घडीचं काम ते शब्द सांगतात. शब्द बदलला की बटणाचं काम बदललं. एवढं एकदा डोक्यात बसलं की अर्धा फोन कळला.

मुख्य पडद्यावर हिरवं बटण दाबलं तर आधी लावलेल्या नंबरांची यादी उघडते आणि पुन्हा दाबलं तर सगळ्यात वरच्या नंबराला कॉल जातो. एरवी सोयीचं आहे. घाईत मात्र हिरवं बटण आधी आणि आकडे नंतर दाबले जातात आणि भलत्यालाच फोन लागतो. क्रम पक्का ठेवा: आकडे आधी, हिरवं बटण नंतर.

कोणता नंबर, आणि तो वेगळा का असतो

११२ हा क्रमांक युरोपात १९९१ साली सर्व देशांसाठी सामायिक म्हणून ठरला आणि पुढे जीएसएम या मोबाइल तंत्राच्या मानकातच, म्हणजे सगळ्या फोनांनी पाळायच्या नियमांतच, बसला. त्यामुळे फोन कोणत्याही कंपनीचा असो, ११२ म्हणजे आणीबाणी हे त्याला जन्मापासून माहीत असतं. ९११ चंही तसंच. भारतात पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिका या तिन्हींसाठी ११२ हा एकच क्रमांक आहे. अमेरिका आणि कॅनडात ९११, ब्रिटनमध्ये ९९९ (तिथे ११२ सुद्धा चालतो), ऑस्ट्रेलियात ०००. जपानमध्ये पोलिसांना ११० आणि आग किंवा रुग्णवाहिकेसाठी ११९. परदेशी जाणार असाल तर तिथला क्रमांक निघण्याआधीच फोनमध्ये नावासकट साठवा.

साधा कॉल लावताना फोन नेटवर्कला तुम्ही दाबलेले आकडे देतो आणि नेटवर्क तुमचा बॅलन्स, प्लॅन वगैरे बघून पुढचं ठरवतं. आणीबाणीचा क्रमांक फोनला ओळखीचा असला तर तो वेगळाच निरोप धाडतो, की हा आणीबाणीचा कॉल आहे, वाट द्या. म्हणूनच या कॉलला बॅलन्स लागत नाही, रिचार्ज संपलेला असला तरी चालतं. कीपॅड लॉक असताना तो लागतो. फोन सिमचा पिन मागत अडून बसला असेल तरी लागतो. आणि तुमच्या कंपनीची रेंज नसेल पण दुसऱ्या कंपनीचा टॉवर जवळ असेल, तर त्या टॉवरवरूनही जाऊ शकतो.

पडद्यावरचे दोन निरोप यासाठीच नीट वाचायला शिका. 'फक्त आणीबाणीचे कॉल' किंवा नुसतं 'एसओएस' असं दिसत असेल तर तुमचं नेटवर्क गेलंय, पण दुसरं कुठलं तरी आहे. ११२ लावून बघा. 'सेवा नाही' असं दिसत असेल तर फोनला आसपास कुठलाच टॉवर सापडत नाहीये. तिथे ११२ सुद्धा लागत नाही. ११२ थेट उपग्रहावरून जातो, डोंगराच्या घळीतूनही लागतो, अशी एक समजूत आहे. ती साफ चुकीची आहे, आणि तिच्या भरवशावर रेंज शोधायचं सोडून माणूस एकाच जागी आकडे दाबत बसतो.

तशीच दुसरी एक अफवा: *३३७०# दाबलं की बॅटरीचा लपवलेला साठा मोकळा होतो. असा साठा नसतोच. जुन्या नोकिया फोनमध्ये हा कोड आवाजाचा दर्जा वाढवायचा होता आणि त्याने बॅटरी उलट जास्त खर्च व्हायची.

सिमच नसेल तर? मोबाइलच्या मानकात तशी सोय आहे आणि अनेक देशांत ती चालू आहे. पण ती चालू ठेवायची की नाही हे ज्याचा तो देश ठरवतो. टवाळखोरांच्या खोट्या कॉलना कंटाळून जर्मनीने २००९ मध्ये बिनसिमच्या फोनवरून आणीबाणीचा कॉल लावणं बंद केलं. जीव वाचवायला दुसरं काहीच नसेल तेव्हा जरूर प्रयत्न करा. एरवी फोनमध्ये चालू सिम असू द्या.

भारतात आणखी एक सोय आहे. १ जानेवारी २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या फोनमध्ये आणीबाणीचं बटण हवं असा नियम झाला. साध्या फोनमध्ये ५ किंवा ९ हे बटण दाबून धरलं की कॉल जावा, अशी ती तरतूद. तुमच्या फोनमध्ये यातलं कोणतं हे सोबतच्या पुस्तिकेत बघून ठेवा. आणि त्या बटणावर स्पीड डायलचा, म्हणजे बटण दाबून धरताच लागणारा, नंबर लावू नका.

कॉल लावताना

१. आधी स्वतः धोक्याबाहेर या. रस्त्याच्या मधून कडेला, धुरातून मोकळ्या हवेत. फोन त्यानंतर.

२. लाल बटण दोन-तीनदा हलकेच दाबून मुख्य पडदा आणा. फोन बंद असेल तर तेच बटण दाबून धरून चालू करा. पडद्यावर विमानाचं चिन्ह किंवा 'ऑफलाइन' दिसत असेल तर तो मोड आधी काढा.

३. कीपॅड लॉक असेल तर उघडा. बऱ्याच फोनमध्ये डावं कोपऱ्यातलं बटण आणि मग स्टार, काहींमध्ये स्टार किंवा हॅश दाबून धरायचं. नाहीच उघडलं तर त्यात वेळ घालवू नका, लॉक असतानाच आकडे दाबा. इथे एक गंमत आहे. काही जुन्या फोनमध्ये लॉक असताना आकडे पडद्यावर उमटतच नाहीत, शेवटचा आकडा दाबल्यावरच सगळा नंबर दिसतो. काही होत नाहीये असं वाटून मध्येच थांबू नका, तिन्ही आकडे पुरे करा.

४. आणीबाणीच्या क्रमांकाआधी शून्य, अधिकचं चिन्ह किंवा देशाचा कोड लावायचा नाही. नुसते एक, एक, दोन.

५. हिरवं बटण एकदा दाबा आणि फोन कानाला लावा. काही सेकंद काहीच ऐकू येत नाही, तेव्हा पुन्हा पुन्हा बटण दाबू नका. आधी ध्वनिमुद्रित सूचना लागली तरी कट करू नका. कट करून परत लावलात तर रांगेत पुन्हा शेवटी जाल.

आधी जागा सांगा

स्मार्टफोन आणीबाणीचा कॉल लावताना बऱ्याच देशांत आपली जागा आपोआप मदत केंद्राला, म्हणजे ११२ उचलणाऱ्यांना, कळवतो. साध्या फोनला ते जमत नाही, कारण बहुतेकांत जीपीएसच नसतं. केंद्राला फार तर कॉल कोणत्या टॉवरवरून आला एवढं कळतं. दाट वस्तीत ते काहीशे मीटरच्या आत असेल, मोकळ्या रानात मात्र एक टॉवर कित्येक किलोमीटर सांभाळतो. म्हणजे साध्या फोनवर तुमचा पत्ता तुमच्या तोंडूनच जायला हवा आणि तो सगळ्यात आधी जायला हवा. नंतर रेंज गेली, बॅटरी मेली, तरी गाडी कुठे पाठवायची ते कळलेलं असतं.

लोक नेमकं उलटं करतात. आधी काय झालं, कसं झालं, कोणाची चूक, आणि जागा राहते शेवटी. बोलणं साधारण असं व्हावं:

'नमस्कार, कसली मदत हवी?'

'रुग्णवाहिका पाठवा. नदीच्या मोठ्या पुलावरून उत्तरेला निघालं की पहिलं वळण, तिथे पाण्याची टाकी आहे. टाकीसमोर.'

'काय झालंय?'

'दुचाकी घसरली. दोघं आहेत. एक बाई शुद्धीवर आहेत, पाय मोडलाय असं वाटतंय. एक मुलगा, विशीतला असेल, हाक मारली तर ओ देत नाही.'

'श्वास चालू आहे का?'

'बघतो... हो, चालू आहे.'

'तुमचा नंबर सांगा, आणि फोन ठेवू नका.'

यात 'लवकर या हो' एकदाही नाही आणि त्याची गरजही नाही. पत्ता माहीत नसेल तर डोळ्यांना दिसतं ते सांगा: मैलाच्या दगडावरचे आकडे, विजेच्या खांबावर रंगवलेला क्रमांक, दुकानाची पाटी, पुलाचं नाव, शेवटी गेलेलं मोठं गाव. इमारतीत असाल तर कितवा मजला, लिफ्ट चालू आहे का, फाटक कुठल्या बाजूला. घरच्या घरी माणूस स्वतःचा पत्ता विसरत नाही असं वाटतं, पण घाबरल्यावर विसरतो. कोणाकडे पाहुणे गेला असाल तर तिथला पूर्ण पत्ता तुम्हाला ठाऊक असतो का, हे एकदा स्वतःलाच विचारून बघा.

स्वतःचा नंबर पाठ नसणं हेही फार सामान्य आहे, कारण स्वतःला कोण फोन लावतं! कागदावर लिहून फोनच्या पाठीला चिकटवा.

पलीकडची व्यक्ती 'ठेवा' म्हणत नाही तोवर फोन चालू ठेवा. ती तुम्हाला काही करायला सांगू शकते. समजा श्वास थांबलेल्या माणसाची छाती दाबायला सांगितली, तर मोठ्या माणसासाठी वेग मिनिटाला १०० ते १२० आणि खोली पाच-सहा सेंटिमीटर. हे एका हातात फोन धरून होत नाही. कॉल चालू असताना खालच्या एका कोपऱ्यात 'स्पीकर' किंवा 'लाउड' असा शब्द दिसतो, त्याखालचं बटण दाबा, फोन जमिनीवर ठेवा, दोन्ही हात मोकळे करा. हे बटण कुठे आहे ते आजच एखाद्या साध्या कॉलमध्ये शोधून ठेवा.

कॉल लागत नसेल तर

फोन कसा धरलाय ते आधी पाहा. अँटेना आतमध्ये पाठीच्या बाजूला, वरच्या किंवा खालच्या टोकाला असते, आणि तळहाताने ती झाकली तर सिग्नल पडतो. कडांना बोटांनी धरा. तळघरातून बाहेर या, खिडकीशी जा, उंचवटा असेल तर चढा. कधी दहा पावलांवर एखादी काडी येते.

कॉल धरवत नसेल इतकी रेंज क्षीण असेल तेव्हा मेसेज अनेकदा निघून जातो, कारण त्याला क्षणभराचा संपर्क पुरतो. घरच्या माणसाला मेसेज करा: कुठे आहे, काय झालंय, ११२ ला कळवा. इतकंच. टायपायला वेळ लागतो, म्हणून लांबण लावू नका.

बॅटरी शेवटच्या काडीवर असेल तर नातेवाइकांना फोन नंतर. पहिला कॉल ११२, पहिलं वाक्य जागा.

आणि एक लक्षात असू द्या. पोलीस ठाण्याचा थेट नंबर, दवाखान्याचा नंबर, ओळखीच्या रुग्णवाहिकेचा नंबर, हे फोनच्या दृष्टीने साधेच नंबर. त्यांना तुमचं स्वतःचं नेटवर्क लागतं, चालू प्लॅन लागतो आणि लॉक उघडावं लागतं. अडलेल्या जागी आधी ११२ च लावा.

आता कॉल घेणं

मदत मागितल्यावर पुढचा फोन तुम्हाला येतो. तो कधी केंद्राचा असतो, कधी थेट रुग्णवाहिकेच्या चालकाचा, आणि नंबर बहुधा अनोळखी असतो. अनोळखी नंबर उचलायचा नाही, ही सवय इतर वेळी चांगली. त्या अर्ध्या तासात मात्र येणारा प्रत्येक फोन उचला. आणि तोच फोन घेऊन साऱ्या गोतावळ्याला कळवत बसू नका, लाइन मोकळी ठेवा. नातेवाइकांना कळवायचं काम दुसऱ्या कोणाला तरी, त्याच्या फोनवरून करू द्या. शक्य असेल तर एकाला वळणावर उभं करा.

इथे एक बारीक अडचण आहे. तुमचा कॉल दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून गेला असेल, म्हणजे पडद्यावर 'फक्त आणीबाणीचे कॉल' दिसत होतं, तर तुम्हाला परत फोन येऊ शकत नाही. त्या नेटवर्कला तुमचा फोन नोंदलेला नसतो. बिनसिमच्या फोनचंही तेच. अशा वेळी पलीकडे स्पष्ट सांगा की 'मला परत फोन लागणार नाही', आणि होईल तितका वेळ लाइन सोडू नका.

रिंग वाजली की हिरवं बटण. कीपॅड लॉक असला तरी येणारा कॉल हिरव्या बटणाने उचलता येतो, लॉक उघडायची गरज नाही. बोलणं संपलं की लॉक आपलं आपण परत लागतं. झाकणाचा फोन असेल तर बऱ्याचदा झाकण उघडताच कॉल उचलला जातो आणि मिटताच कट होतो. झाकण अर्धवट मिटून दुसऱ्याशी बोलायची लकब असलेल्यांनी जपावं.

फोनच्या वरच्या टोकाची बारीक भोकं कानाशी, खालचं टोक तोंडाशी. आवाज कमी वाटत असेल तर बोलता बोलता मधल्या चौकोनी बटणाची वरची किंवा उजवी कड दाबा, किंवा बाजूचं आवाजाचं बटण असेल तर ते. हा आवाज कॉल चालू असतानाच वाढवायचा असतो, रिंगचा आवाज वेगळा. हे ठाऊक नसल्याने कित्येक जण रिंग मोठी करून ठेवतात आणि तरी म्हणतात, 'ऐकू येत नाही.'

नको असलेला कॉल लाल बटणाने नाकारा. उचलायचा नाही पण नाकारायचाही नाही, नुसती रिंग थांबवायची असेल तर 'सायलेंट' लिहिलेलं कोपऱ्यातलं बटण दाबा. समोरच्याला रिंग वाजतच राहते.

बोलत असताना कानात टूं-टूं असा आवाज आला तर दुसरा कॉल येतोय. हिरवं बटण दाबलं तर पहिला माणूस होल्डवर जातो आणि दुसरा बोलू लागतो. ही सोय चालू नसेल तर *४३# लावून हिरवं बटण दाबा. रुग्णवाहिकेची वाट बघताना ती चालू असणं फार कामाचं, नाहीतर चालकाला तुमचा फोन नुसता व्यस्त लागतो.

फोन वाजतच नाही

'मी लावला होता, तुम्ही उचलला नाही' या भांडणाचं मूळ बहुतेक वेळा हॅशच्या बटणात असतं. अनेक साध्या फोनमध्ये मुख्य पडद्यावर हॅश दाबून धरलं की फोन सायलेंट होतो. खिशात, पिशवीत, उशीखाली हे आपोआप घडतं. पडद्याच्या वर काट मारलेली घंटा किंवा थरथरणाऱ्या फोनचं चिन्ह दिसलं तर हॅश परत दाबून धरा.

सायलेंट नाही, रेंज आहे, तरी कॉल येतच नसतील तर ते दुसऱ्या नंबरकडे वळवले गेले असतील. मेनूत कॉल सेटिंगमध्ये 'कॉल वळवणे' किंवा 'डायव्हर्ट' आहे, तिथे सगळं रद्द करा. ठगांचा हा आवडता डाव आहे. कोणी फोनवर सांगितलं की स्टारने सुरू होणारा अमुक कोड दाबा, तर दाबू नका. त्याने तुमचे कॉल त्याच्या फोनवर जाऊ शकतात, आणि बँकेचा ओटीपी फोनवर ऐकवला जात असेल तर तोही.

मदत केंद्राचा खरा फोन कसा ओळखायचा? तो जागा विचारेल, रुग्णाचं विचारेल. ओटीपी, बँकेचा तपशील, कार्डावरचे आकडे यातलं काही विचारणार नाही. विचारलं तर लाल बटण.

मिस्ड कॉल दिसला तर 'दाखवा' दाबून नंबर बघा, हिरवं बटण दाबलं की परत कॉल जातो. परदेशी कोडचा अनोळखी नंबर एकच रिंग देऊन थांबला असेल तर परत लावू नका. तो महागड्या लाइनचा गळ असतो.

सवडीने करून ठेवायची कामं

घरातल्या दोन-तीन माणसांचे नंबर स्पीड डायलवर ठेवा. २ पासून पुढचं मोकळं बटण द्या, १ वर बहुधा व्हॉइसमेल असतो. बटण दाबून धरलं की कॉल लागतो. तुम्ही बेशुद्ध असाल तर तुमचा फोन दुसऱ्याच्या हातात असेल, आणि त्याला 'आई', 'बाळू', 'ताई' यातलं कोणाला कळवायचं हे कळणार नाही. म्हणून एक नंबर 'अडचणीत कळवा' अशा नावाने साठवा आणि नावाआधी शून्य टाका, म्हणजे यादीत सगळ्यात वर येईल. ज्याचा नंबर आहे त्याला तुमचे आजार, औषधं आणि रक्तगट माहीत असू द्या. फोनला सुरक्षा कोड लावला असेल तर हेच नाव आणि नंबर कागदावर लिहून पाकिटातही ठेवा.

जुना फोन वापरत असाल तर तो कुठल्या नेटवर्कवर चालतो ते तपासा. अनेक देशांत जुनी नेटवर्क बंद होत आहेत. ऑस्ट्रेलियात २०२४ मध्ये थ्रीजी बंद झालं, तेव्हा फोरजीवरून आणीबाणीचा कॉल लावता न येणारे फोन नेटवर्कवरून काढूनच टाकले. भारतातही जिओसारख्या केवळ फोरजी-फाइव्हजी सेवेवर टूजीचा फोन चालत नाही. नवा साधा फोन घेताना खोक्यावर फोरजी आणि व्होल्टी लिहिलंय का ते बघा. नुसतं फोरजी पुरत नाही, कारण त्यावरून बोलायला व्होल्टी लागतं.

सराव जरूर करा, पण ११२ लावून नव्हे. घरातल्याच दोन फोनांवर करा: लॉक उघडणं, आकडे, हिरवं बटण, स्पीकर, आलेला कॉल उचलणं. डोळे मिटून लाल आणि हिरवं बटण बोटांना सापडतं का बघा. बऱ्याच फोनमध्ये ५ वर बारीक उंचवटा असतो, अंधारात आकडे शोधायला तोच आधार.

चुकून ११२ लागलाच तर घाबरून कट करू नका. पलीकडून आवाज आला की 'चुकून लागला, इथे सगळं ठीक आहे' एवढं सांगा आणि मग ठेवा. न बोलता कट केलात तर काही घडलंय का हे बघायला त्यांना परत फोन करावा लागतो आणि तेवढा वेळ दुसऱ्या कोणाचा तरी जातो. लहान मुलांना खेळायला जुना फोन देणार असाल तर सिम काढणं पुरेसं नाही, बऱ्याच ठिकाणी बिनसिमचा फोनही केंद्राला लागतो. पाठीचं झाकण उघडा आणि बॅटरी काढून घ्या.